मोशन: एक वेळा



अध्यक्षीय भाषणात पोटाच्या रुग्णांच्या शुश्रूषेचा आढावा घ्यावा, असं संयोजकांनी पत्रात लिहिलं होतं. स्टोमाची काळजी, एंडोस्कोपीची तयारी, रायल्स ट्यूब जठरात आहे का हे हवा मारून ऐकायचं की पीएचच्या पट्टीनं बघायचं (पट्टीनंच बघा, हवेचा आवाज फसवतो), हे सगळं सकाळपासून झालंय. मीही आढावा लिहायला बसले होते. दुसऱ्याच पानावर बेडपॅनपाशी अडकले, ती पुढं सरकलेच नाही.

३४ वर्षं मनात होतं ते आज बोलते. आपण शौच बघणं सोडलं आहे.

कुठल्याही वॉर्डातला इनटेक-आउटपुट चार्ट उघडा. 'मोशन: एक वेळा.' कसं, किती, कुठल्या रंगाचं, काही नाही. बघितलं मावशींनी, लिहिलं सिस्टरनं, तेही नातेवाइकाला विचारून.

मी शहाणपण सांगत नाहीये. मला चटका बसलाय. नोकरीचं सहावं वर्ष, सर्जरी वॉर्ड, नाइट ड्युटी, ४० पेशंट आणि आम्ही दोघी. बारा नंबरला पन्नाशीचे एक शेतकरी. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून महिनोन् महिने खाल्लेल्या, आता पोटात आग पडते म्हणून भरती. रात्री अडीचला मावशी दारात आली. "बाई, बारा नंबरचं डांबरावानी हाय. वास बी येगळाच हाय." मी मान वर न करता म्हटलं, "लोहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांना, काळंच होणार." आणि लिहिलं, 'मोशन: एक वेळा.'

पाचला बीपी घ्यायला गेले. हात गार, बनियन घामानं भिजलेलं, नाडी १३०, वरचं बीपी ८०. अल्सर रात्रभर वाहत होता. रक्ताच्या चार बाटल्या चढल्या, ते वाचले. सकाळी मावशी मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

लोहाच्या गोळ्यांचं काळं हिरवटपणाकडे झुकतं, बांधून होतं. रक्ताचं काळं चमकतं, भांड्याला चिकटतं, दोनदा पाणी ओतलं तरी निघत नाही. आणि तो वास एकदा नाकात बसला की बसला. हे पुस्तकात आहे. मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

काल इथं एक तरुण वक्त्या म्हणाल्या, बेडपॅन हे चतुर्थ श्रेणीचं काम, पदवीधर नर्सनं त्यात अडकू नये. टाळ्या पडल्या. भांडं उचलायचं कुणी, हे भांडण संघटनेनं जरूर करावं, निवेदनावर पहिली सही माझी. पण भांड्यात बघायचं कुणी, यात भांडण कसलं? कॉलऱ्याचंच घ्या, त्याच्या खाटेला मधोमध भोक असतं, खाली बादली. बादलीत पडेल ते मोजायचं आणि तेवढं पाणी अंगात परत घालायचं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी पाजायला सुरुवात केली. ३० टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्या पाण्याचं कौतुक आपण सगळेच करतो. ते किती पाजायचं, हे बादली सांगते.

शौचाच्या प्रकारांचा ब्रिस्टॉल तक्ता वॉर्डात लॅमिनेट करून लावलाय, असं कुणीतरी सांगितलं. छान आहे. सात चित्रं आहेत त्यात, पण ती आकाराची. रंगाचा रकाना नाही. कावीळवाल्याचं पांढुरकं, मातकट शौच कितव्या चित्रात बसवाल? आणि माझं बारा नंबरचं डांबर? लिव्हरच्या पेशंटला आपण लॅक्ट्युलोज देतो ते दिवसातून दोन-तीनदा मऊ व्हावं म्हणून. ते झालंच नाही, हे कुणी बघितलं नाही, आणि संध्याकाळी त्यानं पोटच्या मुलीला ओळखलं नाही, की मग सगळे स्कॅनच्या मागे धावतात.

तेव्हा आपण एक मराठी तक्ता काढू. डांबरासारखं, पेजेसारखं, मातीसारखं, मावशींच्या तोंडचेच शब्द घेऊन. कुणी काढायचा, छपाईचा खर्च कुठून, ते कार्यकारिणी ठरवील. हॅन्डओव्हरला मावशींना उभं करावं, असाही ठराव डोक्यात आहे. मसुदा अजून झालेला नाही.

ती मावशी केव्हाच निवृत्त झाली. आता कंत्राटी मुली येतात, दोन-तीन महिन्यांत चेहरा बदलतो. परवा नणंदेला एका रुग्णालयात बघायला गेले होते. भांडं धुणाऱ्या मुलीला विचारलं, "कसं होतं गं?" ती म्हणाली, "सिस्टरला विचारा." सिस्टरकडे गेले. त्या म्हणाल्या, "मावशींना विचारा ना."

शेवटी नणंदेलाच विचारलं.