पोरगं ओ का देत नाही?



आज आपण कानाविषयी बोलू.

परवा आम्ही एका घरी बसलो होतो. आईने मुलाला हाक मारली. एकदा मारली, दोनदा मारली. मुलगा अंगणातच होता, पण त्याने ओ दिली नाही. बाप चिडला. म्हणाला, "माजलंय कार्टं!"

आम्ही म्हटले, "दादा, थांबा. रागावू नका."

मुलाला जवळ बोलावले. वय १५ वर्षे. शाळेतून आला की कानात हेडफोन घालायचा आणि झोपेपर्यंत मोठ्याने गाणी ऐकायची, हा त्याचा रोजचा नेम. तो हळूच म्हणाला, "रात्री कानात रातकिड्यावाणी किर्र वाजतं. सांगितलं तर मोबाईल काढून घ्याल, म्हणून बोललो नाही."

मंडळी, हे पोर माजलेले नव्हते. त्याला ऐकूच कमी येत होते.

असे का होते? कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे १५ ते १६ हजार बारीक केसाळ पेशी असतात. शेतात ज्वारी उभी असते, तशा त्या उभ्या असतात. आवाज म्हणजे वारा. झुळूक आली तर ज्वारी डुलते आणि पुन्हा उभी राहते. पण रोज वादळ आले तर आडवी पडते, मरते. शेतात पुन्हा पेरता येते. कानात पेरणी एकदाच, जन्माआधी. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. कानात तेल घालूनही ती येत नाही.

आधी बारीक आवाज जातात. पाखरांची किलबिल ऐकू येत नाही. बोलण्यातला 'स', 'फ' निसटतो. आवाज कानी पडतो, पण शब्द उमगत नाही. मग पोर वर्गात मागे पडते आणि आपण त्याला मठ्ठ म्हणतो.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास चालेल. ९० चा फक्त ४ तास. १०० चा फक्त २० मिनिटे! मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवला, तर तो १०० च्या घरात जाऊ शकतो.

मग गाणी ऐकूच नयेत का? ऐकावीत की! पण आवाज निम्म्याच्या थोडाच वर ठेवावा. मधून मधून कानाला विसावा द्यावा. एसटीत इंजिनाच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवू नये. हेडफोन घालून झोपू नये. हातभर अंतरावरचे बोलणे ऐकू आले नाही, तर आवाज जास्त आहे असे समजावे.

त्या मुलाला बापाने इस्पितळात नेले. कान तपासले. डॉक्टर म्हणाले, "गेले ते परत येणार नाही. पण उरले ते राखता येईल." बाप बराच वेळ गप्प होता. मग मुलाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "आधी सांगायचं होतंस, बाळा."

मंडळी, पोराने सांगावे असे वाटत असेल, तर आपण आधी विचारावे. आज घरी गेलात की मुलांना जवळ बसवा. विचारा, "कानात काही वाजतं का रे?" वाजत असेल तर रागावू नका. कानाच्या डॉक्टरांकडे न्या.