बोलणारे यंत्र आणि मुकी पाने



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शिक्षणशास्त्र आमचा प्रांत नव्हे. परंतु नवे यंत्र आले की त्याचे काम कोणाच्या अंगावर पडणार, हे विचारण्याची आम्हांला खोडच आहे.

अंधांना संगणकाचा पडदा वाचून दाखवणारी एनव्हीडीए नावाची आज्ञावली आहे. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली ती लिहायला घेतली. जेम्स तेह हा दुसरा अंध कारागीर त्याला येऊन मिळाला. ती फुकट मिळते, मराठीही वाचते. मग घोडे अडते कोठे? तिला अक्षर दिसत नाही, अक्षराचा संकेतांक कळतो. युनिकोडमध्ये टंकलेला धडा ती घडाघडा वाचते. जुन्या फॉन्टातला ‘क’ पडद्यावर ‘क’च दिसतो, पण आत भलतेच रोमन चिन्ह असते; मग यंत्र बरळू लागते. आणि वहीच्या पानाचा नुसता फोटो धाडला तर ते मुकेच राहते. वर्गाला टिपणे मिळाली, त्या एकाला चित्र!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके व साधने मोफत देऊ केली आहेत. उत्तम. पण ती टिपणे पुन्हा टंकायची कोणी? शिक्षकानेच, रात्री जागून. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला तर वर्गात उभे राहिल्याचेच पैसे मिळतात. हे टंकनाचे तास कार्यभारात धरा आणि त्यांचा मोबदला द्या, एवढीच आमची मागणी आहे.