सफाईवाला झिंगा : प्रवाळांच्या टाकींतला वैद्य कीं चोर ?

समुद्राच्या तळाचें वैभव घरांतील एका कांचेच्या पेटींत पाहावयास मिळावें, ही हौस फार जुनी नाहीं. गोड्या पाण्यांतले मासे पाळणें मनुष्यास पुष्कळ काळापासून साधलें आहे. परंतु खाऱ्या पाण्यांतील जिवंत प्रवाळ घरीं वाढविणें ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांस अशक्यप्राय वाटत होती. १९६१ सालीं जकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थानें, समुद्रांतून आणलेले सजीव खडक व हवेच्या बुडबुड्यांनीं खेळतें ठेवलेलें पाणी एवढ्या साध्या साधनांवर ही नाजूक सृष्टि कशी जगवितां येते, याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें दिवे, पंप व गाळण्या यांत सुधारणा होत गेली आणि श्रीमंत संग्रहालयांपुरती असलेली ही शोभा शहरांतील दिवाणखान्यांत येऊन बसली.

अशा टाकींत प्रवाळांच्या सोबतीस जे प्राणी ठेवतात, त्यांत एक लहानसा, ऐटबाज, तांबडा-पांढरा झिंगा हटकून आढळतो. दुकानदार त्याची शिफारस दोनच वाक्यांत करतो : हा माशांचें अंग साफ करतो, आणि हा कोणास त्रास देत नाहीं. पहिलें वाक्य बहुतांशीं खरें आहे. दुसरें अर्धेंच खरें आहे. अर्ध्या सत्यावर विसंबून टाकी सजविणाऱ्यास तें कधीं कधीं महाग पडतें. म्हणून या प्रश्नाचे तीन भाग पाडून विचार करणें बरें. प्रवाळांस या झिंग्यापासून धोका आहे काय ? माशांच्या आरोग्यासाठीं त्याच्यावर कितपत भरंवसा ठेवावा ? आणि खुद्द झिंग्यास ती टाकी मानवते काय ?

प्रथम त्याची ओळख करून घेतली पाहिजे. बाजारांत सर्वांत अधिक येणाऱ्या जातीचें शास्त्रीय नांव लिस्माटा अंबोइनेन्सिस. डच प्राणिशास्त्रज्ञ डे मान यानें १८८८ सालीं तिचें वर्णन केलें. नांवांत इंडोनेशियांतील अंबोन बेटाची खूण आहे. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिक महासागरांतील बेटांपर्यंत तिचा प्रसार आहे. लांबी पांच-सहा सेंटिमीटर. बाजू फिकट पिंवळ्या, पाठीवर लालभडक पट्टा, त्याच्या मधोमध डोक्यापासून शेपटीकडे गेलेली पांढरी शुभ्र रेघ, आणि पुढें लांबलचक पांढऱ्या मिशा. अटलांटिक महासागरांत तिची चुलत बहीण लिस्माटा ग्राभामी राहते. दोघींतील फरक शेपटीच्या पंख्यावरील पांढऱ्या खुणांवरून ओळखावयाचा असतो.

हा पोशाख नुसत्या भपक्यासाठीं नाहीं. ती दुकानाची पाटी आहे. प्रवाळभित्तीच्या एखाद्या कपारीशीं हे झिंगे ठाण मांडून बसतात, मिशा हलवितात, अंग डोलवितात. आणि भोंवतालचे मासे न्हाव्याकडे गिऱ्हाइकें यावीं तसे तेथें येऊन उभे राहतात. एरवीं झिंगा दिसतांच गिळून टाकणारा हेकरूसारखा मांसाहारी मासाही येथें जबडा उघडून स्वस्थ राहतो. झिंगा त्याच्या अंगावर, कल्ल्यांत, फार काय तोंडांतही शिरतो, आणि चिकटलेले परोपजीवी कृमि, मेलेली कातडी व दांतांतील अन्नाचे कण वेंचून खातो. गंमत अशी, कीं ज्या रंगांवर मासे भाळतात ते रंग झिंग्यास स्वतःस दिसत नाहींत. त्याची दृष्टि अंधुक असून तिला रंगांचा भेद कळत नाहीं. त्याचा मुख्य आधार स्पर्श आणि गंध. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्यावरच बरेंच अवलंबून आहे.

या सफाईचें महत्त्व प्रथम लोकांपुढें ठळकपणें मांडलें तें कॉनराड लिम्बॉ या अमेरिकन पाणबुड्या शास्त्रज्ञानें. बहामा बेटांजवळील खडकांवरून त्यानें सफाई करणारे सर्व प्राणी काढून टाकले. थोड्याच दिवसांत तेथील मासे कमी होऊं लागले, आणि मागें राहिलेल्यांच्या अंगावर पांढरे डाग, सूज व जखमा दिसूं लागल्या. १९६० सालीं फ्रान्समध्यें पाण्याखालच्या एका गुहेंत लिम्बॉला मृत्यु आला. त्याचा लेख १९६१ सालीं मरणोत्तर प्रसिद्ध झाला. पुढें इतरांनीं अन्यत्र केलेल्या अशा प्रयोगांत फरक इतका ठसठशीत सर्वत्र दिसला नाहीं. तथापि झिंगे खरोखरच कृमि खातात, देखावा करीत नाहींत, हें मात्र सिद्ध झालें आहे. ऑस्ट्रेलियांतील जेम्स कुक विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१५ सालीं दाखवून दिलें, कीं लिस्माटा अंबोइनेन्सिस हा झिंगा माशाच्या अंगावरील चपट्या कृमींवरच थांबत नाहीं; त्या कृमींचीं पाण्यांत पडलेलीं अंडीं व पोहणारीं पिलेंही तो खातो. टाकीच्या दृष्टीनें ही सेवा लहान नव्हे.

आतां पहिला प्रश्न, प्रवाळांचा. हा झिंगा प्रवाळ खात नाहीं. मग तक्रार कसली? तक्रार चोरीची आहे. ज्या प्रवाळांचीं तोंडें मोठीं व अंग मांसल असतें, त्यांस पाळणारे लोक कोळंबीचा किंवा माशाचा बारीक तुकडा भरवितात. प्रवाळ तो तुकडा एका घासांत गिळत नाहीं. शुंडकांनीं तो धरावयाचा, हळूहळू तोंडाशीं न्यावयाचा आणि आंत ओढावयाचा, यांत पुष्कळ वेळ जातो. तेवढ्या वेळांत पाण्यांत वास पसरतो, आणि ज्याची सारी भिस्त वासावर आहे असा झिंगा मिशा पुढें करून नेमका तेथें येतो. तो प्रवाळाच्या अंगावर चढतो, चिमट्यांसारखे पाय तोंडांत खुपसतो आणि आंत गेलेला घास बाहेर ओढून काढतो. प्रवाळ उपाशी राहतें हें एक नुकसान. परंतु वारंवार ओढाताण झाल्यानें त्याचें कोंवळें मांस फाटतें, आणि त्या जखमेंतून कुजण्यास आरंभ होतो, हें दुसरें व अधिक मोठें. सूर्यप्रकाशावर न जगतां केवळ भरविलेल्या अन्नावर जगणारें ट्युबास्ट्रिया जातीचें नारिंगी प्रवाळ अशा चोरीस विशेषेंकरून बळी पडतें. उलट एक्रोपोरासारख्या फांद्यांच्या, बारीक तोंडांच्या प्रवाळांस या झिंग्याचा उपद्रव सहसा पोंचत नाहीं, कारण त्यांच्यापाशीं चोरण्याजोगा घासच नसतो.

सारांश, झिंगा दुष्ट नाहीं. तो भुकेला आहे. टाकींतील मोजक्या माशांच्या अंगावर त्याचें पोट भरेल इतके कृमि नसतात, आणि नसावे अशीच तर मालकाची इच्छा असते. तेव्हां ज्यानें झिंगा आणला त्यानें त्यास वेगळें जेवण दिलें पाहिजे. प्रथम झिंग्यास त्याच्या कोपऱ्यांत बुडणाऱ्या गोळ्या किंवा माशाचा तुकडा द्यावा. तो खाण्यांत गुंतला म्हणजे मग प्रवाळांस भरवावें. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर कापलेल्या बाटलीचा घुमट प्रवाळावर झांकून अर्धा तास ठेवावा. हें करण्यास ज्यास सवड नाहीं, त्यानें मोठ्या तोंडाचीं प्रवाळें आणि हा झिंगा यांपैकीं एकच काय तें निवडावें.

येथें नांवांच्या घोटाळ्याविषयींही सावध राहिलें पाहिजे. तांबडा-पांढरा प्रत्येक झिंगा सफाईवाला नव्हे. लिस्माटा वुर्डेमानी हा त्याच कुळांतला, परंतु बारीक तांबड्या रेघांचा झिंगा ऐप्टेशिया नांवाच्या उपद्रवी समुद्रफुलांचा फडशा पाडतो म्हणून मुद्दाम आणतात. त्याच्याच नांवाखालीं कधीं कधीं ऱ्हिंकोसिनेटीस जातीचा झिंगा पदरीं पडतो. पाठीवर उंटासारखा कुबड, मोठे डोळे आणि अंगावर तांबड्या-पांढऱ्या रेघांचें जाळें, या त्याच्या खुणा. हा मात्र मऊ प्रवाळांचा खराखुरा भक्षक आहे. तिसरा स्टेनोपस हिस्पिडस : अंगावर तांबडे-पांढरे आडवे पट्टे आणि लांब नांग्या. तोही सफाई करतो, परंतु त्याचा स्वभाव भांडखोर. नर-मादीची जुळलेली जोडी गुण्यागोविंदानें नांदते. दोन नर किंवा दोन माद्या एकत्र आल्या कीं एकीचा अंत ठरलेला. लहान मासे व इतर झिंगे यांवरही तो हात टाकतो. लिस्माटाचे झिंगे परस्परांशीं शांतपणें राहतात. त्यांत प्रत्येक प्राणी आधीं नर असतो, व पुढें एकाच वेळीं नर आणि मादी दोन्ही होतो. त्यामुळें कोणतेही दोन वाढलेले झिंगे जोडीस चालतात, आणि दोघांच्याही पोटाखालीं हिरवट अंडीं दिसूं लागतात.

दुसरा प्रश्न माशांचा. झिंगा आणला म्हणजे माशांचा वैद्य घरांत आला, अशी समजूत करून घेणारे फसतात. खाऱ्या पाण्यांतील माशांचा सर्वांत भयंकर शत्रु म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. तो क्रिप्टोकॅरियन नांवाच्या सूक्ष्म जीवापासून होतो. हा जीव कातडीवर बसत नाहीं. कातडीच्या आंत घर करतो. तेथें झिंग्याची चिमटी पोंचत नाहीं. पुरता वाढल्यावर तो मासा सोडून वाळूंत किंवा दगडावर उतरतो, स्वतःभोंवतीं कवच करतो, आणि त्यांतून शेंकडों नवे जीव बाहेर पडून माशांवर तुटून पडतात. अशा वेळीं झिंग्यावर हवाला ठेवून बसणें म्हणजे घर पेटलें असतां झाडू घेऊन धांवणें होय. रोगी मासा निराळ्या भांड्यांत काढून उपचार करणें, आणि नवा मासा कांहीं आठवडे वेगळा ठेवल्यावांचून टाकींत न सोडणें, हाच मार्ग. आणखी असें, कीं या रोगावरील नेहमीचें औषध तांबें. आणि माशांस जें प्रमाण सोसतें तेंच झिंग्यांस व प्रवाळांस विष ठरतें. मुख्य टाकींत तें कदापि घालूं नये, कारण चुनखडीच्या दगडांत व वाळूंत तें मुरून राहतें. पिण्याच्या पाण्यास पवित्र मानलेला तांब्याचा हंडाही या टाकीच्या पाण्यास वर्ज्यच समजावा.

राहिला तिसरा प्रश्न : झिंग्याच्या स्वतःच्या जिवाचा. मासा जेवढा फेरबदल सहन करतो तेवढा झिंगा करीत नाहीं. दुकानांतील पाणी व घरचें पाणी यांच्या क्षारतेंत थोडाही फरक असला आणि झिंगा एकदम सोडला, तर तो त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं मरतो, आणि दोष निष्कारण माशांवर येतो. बारीक नळींतून थेंब थेंब पाणी सोडून तास-दोन तासांत त्यास नव्या पाण्याची संवय लावावी. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास व उष्णता २४ ते २७ अंश सेंटिग्रेड राखावी. झिंगा कांहीं आठवड्यांच्या अंतरानें कात टाकतो. सकाळीं टाकींत पांढुरकें, पोकळ, अगदीं झिंग्याच्या आकाराचें प्रेत दिसलें, कीं घरांतील मुलें हळहळतात. परंतु तें प्रेत नसून टाकलेलें कवच असतें. धनी एखाद्या खबदाडींत दडलेला असतो, कारण नवें कवच टणक होईपर्यंत कोणीही त्यास फाडूं शकेल. म्हणून दडण्यास जागा पाहिजेच. समुद्रांत माशांनीं पाळलेला करार टाकींत पाळला जातोच असें नाहीं. सिंहमासा, बंदूकमासा, फुगणारा मासा व हेकरू यांच्या सोबतीस झिंगा ठेवणें म्हणजे त्यांस एक महाग घास वाढणें आहे.

या महाग घासाची किंमत केवळ पैशांत नाहीं. लिस्माटाचे झिंगे टाकींत अंडीं सहज देतात, परंतु अंड्यांतून निघालेलीं पिलें अनेक आठवडे, कधीं कधीं महिनेच्या महिने, पाण्यांत तरंगत राहतात व तीं वांचविणें अतिशय कठीण जातें. त्यामुळें विकले जाणारे पुष्कळसे झिंगे प्रवाळभित्तींवरूनच धरून आणलेले असतात. टाकींत हलगर्जीनें मेलेल्या झिंग्याची जागा भरण्यास समुद्रांतली एक सफाईची पेढी ओस पडते. प्रवाळांच्या बाबतींत तर कायदाही आहे. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं दगडी प्रवाळांचा समावेश झाला. मालवणचा किनारा असो, लक्षद्वीप असो वा मन्नारचें आखात असो, तेथील प्रवाळ तोडून आणणें व विकणें हा गुन्हा आहे. टाकी मांडण्याचा विचार करणाऱ्यानें झिंग्याआधीं हें जाणून घ्यावें.

एकंदर निर्णय असा. प्रवाळांच्या टाकींत सफाईवाला झिंगा ठेवण्यास हरकत नाहीं. मात्र जात पारखून घ्यावी, पोटभर अन्न द्यावें, मोठ्या तोंडाच्या प्रवाळांचा घास राखावा, भक्षक मासे जवळ नसावे, आणि त्याच्याकडून वैद्यकीची अपेक्षा करूं नये. तो वैद्य नाहीं आणि खरा चोरही नाहीं. तो एक कष्टाळू न्हावी आहे. गिऱ्हाइकें कमी पडलीं म्हणजे शेजारच्या ताटावर त्याचा हात जातो. त्याच्या पोटाची काळजी घेणाऱ्या घरांत तो वर्षानुवर्षें सुखानें राहतो, आणि टाकीपुढें धरलेल्या हाताचीं बोटेंही माशाचें अंग समजून इमानानें साफ करूं लागतो.