परक्या रानातली फळं



करवंदांचा हंगाम सरत आलाय आणि जांभळं पाटीत दिसू लागलीत. मागच्या बैठकीनंतर आपल्या गटातल्या सगळ्या जणी करवंदीच्या जाळ्यांकडे निघाल्या, तेव्हा एक नवी सून मागेच थांबली. ती लग्न होऊन दुष्काळी पट्ट्यातून आपल्या डोंगरात आली आहे. "काय झालं गं?" असं विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "मला इथलं काही ओळखू येत नाही ताई. आणि कुणी ओरडलं तर?"

तिचं हे बोलणं ऐकलं आणि आम्हाला आमचे फिनलंडमधले दिवस आठवले. अगदी हेच दोन प्रश्न घेऊन आम्हीही एका परक्या रानाच्या कडेला उभ्या होतो. हे फळ खायचं का? आणि कुणी ओरडलं तर? आज त्या रानाबद्दल बोलायचं आहे.

घरच्या माणसाच्या नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड तीन वर्षं हेलसिंकीजवळच्या एस्पो या शहरात होतं. तिथे आम्हा चौघींची गट्टी जमली. एक नागपूरची, एक कोल्हापूरची, एक तमिळनाडूची आणि चौथं घर आमचं. शहर म्हटलं तरी इमारतींच्या मागे लगेच झाडी सुरू होते. त्या देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. जुलै संपत आला की शेजारपाजारची माणसं, म्हातारी-कोतारीसुद्धा, गमबूट घालून आणि बादल्या घेऊन झाडीत शिरायची. संध्याकाळी परत यायची ती बोटं निळी करून.

आम्ही नुसत्या बघायचो. आपल्याकडे रानात पाऊल टाकायचं म्हणजे आधी डोक्यात येतं, हे फॉरेस्टचं की खासगी? गार्ड आला तर काय सांगायचं? त्यात आम्ही परदेशी. भाषा येत नाही, व्हिसावर राहतो. उगाच दंड झाला, पोलीस आले तर नोकरीवर गदा यायची. म्हणून पायवाट सोडून आत जायचं धाडस आम्हाला होईना. पोरं हात ओढायची आणि आम्ही त्यांना मागे खेचायचो.

आमच्या जिन्यात खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. तिकडे आजीला 'मुम्मो' म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना मुम्मोच म्हणायचो. त्यांना इंग्रजी मोडकंतोडकं यायचं, आम्हाला फिनिश त्याहून मोडकं. एक दिवस त्यांनी आम्हाला कडेला उभं पाहिलं आणि विचारलं, "आत का येत नाही?" आम्ही म्हटलं, "जंगल कुणाचं आहे?" त्यांनी शांतपणे सांगितलं, "हे एका कुटुंबाचं. पलीकडचं शहराचं. पण फळं वेचणाऱ्याची."

मग आम्ही नीट माहिती करून घेतली. तिकडे याला 'प्रत्येकाचा हक्क' म्हणतात. जुन्या चालीतून आलेला हा हक्क आहे. जंगल खासगी असलं तरी कुणीही त्यातून पायी जाऊ शकतं. रानफळं, अळंबी आणि संरक्षित नसलेली फुलं वेचू शकतं. वेचलेली फळं विकलीत तर त्या पैशावर आयकर नाही. आणि आम्हाला सगळ्यात नवल वाटलं ते याचं की हा हक्क त्या देशाच्या नागरिकांपुरता नाही. तिथे असलेल्या प्रत्येकाला तो आहे, परदेशी माणसालाही.

पण हक्काबरोबर मर्यादाही पक्क्या आहेत. कुणाच्या घराच्या अंगणात शिरायचं नाही. पेरलेल्या शेतात पाय ठेवायचा नाही. फांदी तोडायची नाही, शेवाळ उपटायचं नाही. मालकाला विचारल्याशिवाय चूल किंवा शेकोटी पेटवायची नाही. राखीव निसर्गक्षेत्रांचे नियम आणखी कडक असतात. हे सगळं मुम्मोंच्या तोंडपाठ होतं, जसं आपल्या सासूबाईंना सोवळ्याओवळ्याचं असतं तसं.

मग आम्ही शिरलो रानात. तिथलं मुख्य फळ म्हणजे मुस्टिक्का. दुकानात मिळणाऱ्या ब्लूबेरीची ही रानातली बहीण. झुडूप जेमतेम गुडघ्यापर्यंत किंवा त्याहूनही बुटकं, आणि फळं पानांखाली लपलेली. करवंदं काढताना काटे लागतात, इथे काटे नाहीत, पण कंबर मोडते. डासही भरपूर. गोचिडीची भीती असते, म्हणून पँट मोज्यात खोचायची आणि घरी आल्यावर पोरांचं अंग तपासायचं. तिकडच्या गोचिडी चावून मोठे आजार होतात.

मुम्मोंकडे फळं काढायचं एक हत्यार होतं. डब्याला पुढे कंगव्यासारखे दात. झुडपातून तो फिरवला की फळं आत पडतात, सोबत पानंही येतात. मग घरी पानं वेगळी करायची. आम्ही सूप मागवलं नव्हतं, पण ताटात घेऊन फुंकर मारत पाखडलं. मुम्मो हसल्या. त्या फळं उतरत्या फळीवरून घरंगळू द्यायच्या, पानं मागे चिकटून राहायची. तिकडच्या बाजारात फळं लिटरच्या मापाने विकतात. आपल्याकडे पूर्वी धान्य पायलीने मोजायचे ना, तसंच. पहिल्या दिवशी दोन तासांत आम्हा चौघींची मिळून बादली अर्धीही भरली नाही. पण घरी येऊन दूध-साखरेत ती फळं कुस्करली आणि शिकरणासारखी खाल्ली. पोरांच्या जिभा जांभळ्या झाल्या. जांभळं खाल्ल्यावर होतात तशाच. त्या रात्री फोनवर आईला जीभ दाखवली, तर ती म्हणाली, "जांभळं कुठून आणलीस गं तिकडे?"

आता जे सांगणार आहोत ते जरा लक्ष देऊन ऐका.

दुसऱ्या वर्षी आमची भीड चेपली होती. आम्हाला वाटलं, आता आपल्याला सगळं कळतं. मुम्मो गावाला गेल्या होत्या, म्हणून आम्ही आपापल्या गेलो. आमच्यातल्या एकीचा पाच वर्षांचा मुलगा थोडा पुढे होता. तो ओरडला, "आई, हे बघ किती मोठं!" आणि आम्ही पोहोचेपर्यंत त्याने ते तोंडात टाकलं होतं. काळपट निळं, गोल फळ. लांबून अगदी मुस्टिक्का. पण ते झाड वेगळं होतं. सरळ एकच दांडा, त्यावर चार पानं फुलीसारखी पसरलेली आणि मधोमध वर एकच फळ. तिकडे त्याला 'सुदेनमार्या' म्हणतात, म्हणजे लांडग्याचं फळ. ते विषारी आहे.

त्याच्या आईचे हातपाय गळाले. आम्ही त्याच्या तोंडात बोट घालून चोथा बाहेर काढला. त्याने बराचसा थुंकला होता. तिकडे विषबाधेसाठी चोवीस तास चालणारी फोनसेवा आहे. फोनवरच्या बाईंनी चारच प्रश्न विचारले. वय किती, वजन किती, किती फळं खाल्ली, कधी खाल्ली. आम्ही झाडाचं वर्णन केलं. ओकारी काढू नका, असं त्यांनी बजावलं. काय लक्षणं दिसली तर थेट दवाखाना गाठायचा, तेही सांगितलं. ती रात्र आम्ही चौघींनी एकाच घरात जागून काढली. पोराला काही झालं नाही. सकाळी उठून त्याने दूध मागितलं, तेव्हा त्याची आई रडली.

मुम्मो परतल्यावर आम्ही त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आम्हाला रानात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, फळाकडे नंतर बघा, आधी झाडाकडे बघा. मुस्टिक्काचं झुडूप असतं, एका झुडपावर पुष्कळ फळं, आणि फोडल्यावर आतूनही निळी. लाल फळांमध्येही तसंच. पुओलुक्का नावाचं लाल आंबट फळ शरद ऋतूत येतं, ते खायचं. पण त्याच रानात एका पांढऱ्या सुवासिक फुलाच्या रोपाला नंतर लालसर नारिंगी फळं धरतात, ते रोप मुळापासून टोकापर्यंत विषारी. त्या दिवसापासून आम्ही तीन नियम पाळले. वर्षाला एकच नवीन फळ शिकायचं. जाणत्या बाईने दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. आणि पोरांनी आधी हातात आणून दाखवायचं, मग खायचं.

हक्क आम्हाला कायद्याने पहिल्याच दिवशी दिला होता. ओळख मात्र मुम्मोंनी दिली, आणि तिला तीन वर्षं लागली.

पुओलुक्काची गंमत सांगायची राहिली. त्या फळात मुळातच टिकवणारं आम्ल असतं. नुसत्या पाण्यात बुडवून बरणीत ठेवलं तरी कित्येक महिने टिकतं, साखर लागत नाही. कोल्हापूरच्या मैत्रिणीने त्यात गूळ आणि तिखट घालून चटणी केली. मुम्मोंनी ती भाकरीशी खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी बरणी घेऊन गेल्या.

आणखी एक गोष्ट. एका ऑगस्टमध्ये आम्ही उत्तरेकडे फिरायला गेलो होतो. तिथे रानात थायलंडहून आलेली माणसं फळं वेचत होती. पहाटेपासून रात्रीपर्यंत, पाठीवर ओझं घेऊन. तिकडे उन्हाळ्यात उशिरापर्यंत उजेड असतो, म्हणून कामाचे तासही संपत नाहीत. पुढे आम्ही वाचलं की अशी माणसं विमानाच्या तिकिटासाठी घरी कर्ज काढून येतात. राहणं, जेवण, गाडी यांचे पैसे त्यांच्याच कमाईतून जातात. मजुरी किलोवर. ज्या वर्षी फळ कमी, त्या वर्षी कर्ज अंगावर घेऊनच परत. त्यावरून तिथे मानवी तस्करीचे खटलेही झाले, आणि २०२३ च्या अखेरीला फिनलंडने थायलंडमध्ये या वेचणीसाठीचे व्हिसा अर्ज घेणं थांबवलं.

मैत्रिणींनो, उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आपण पाहिली आहेत. म्हणून हे आम्हाला लगेच समजलं. रान तेच, फळ तेच, हक्कही तोच. आम्ही हौसेने वेचत होतो आणि ती माणसं कर्ज फेडायला वेचत होती. तेव्हापासून कुठलीही रानवस्तू विकत घेताना वेचणाऱ्या हाताला किती मिळाले, हे आम्ही विचारतो. आपल्या गटाच्या करवंदाच्या लोणच्याचा हिशेब लिहिताना वेचणीचा रकाना वेगळा ठेवला आहे, तो त्याचसाठी.

आता आपल्या रानाकडे येऊ. आपल्याकडे फिनलंडसारखा सरसकट हक्क नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना आणि पिढ्यान्‌पिढ्या वनावर जगणाऱ्या इतर कुटुंबांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. आपल्या गावाचा दावा झाला आहे का, तो कुठे अडला आहे, हे ग्रामसभेत आणि वनहक्क समितीला विचारा. बायकांनी विचारलं पाहिजे, कारण वेचायला जातात बायका. अभयारण्यात नियम वेगळे असतात, तेही विचारून घ्या.

आणि ओळख? ती आपल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. तोरणं, आळू, भोकरं, चारं, टेंभुर्णीची फळं. कुठलं पिकल्यावर खायचं, कुठलं उकडून, कुठलं जनावरांना सोडायचं. हे कुठल्या पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. आपल्या पोरांना यातली निम्मी नावंही येत नाहीत, आणि चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन ती दवाखान्यात भरती होतात. गुंजेच्या लालचुटूक बियाही विषारीच. असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. ओकारी काढू नका. १०८ ला फोन करा, आणि खाल्लेल्या झाडाची फांदी किंवा बी बरोबर न्या.

त्या नव्या सुनेला आम्ही त्या दिवशी मागे ठेवलं नाही. गटातल्या सगळ्यात थोरल्या काकूंच्या हाताला तिला लावून दिलं. काकूंनी तिला आधी जाळी दाखवली, पान दाखवलं, तोडल्यावर येणारा पांढरा चीक दाखवला, आणि मग एक पिकलेलं करवंद तिच्या हातावर ठेवलं. संध्याकाळी तिच्या हातावर ओरखडे होते आणि ओच्यात दोन शेर करवंदं.

येत्या गुरुवारी जांभळांसाठी निघायचं आहे. तुमच्या वस्तीवर बाहेरून आलेली एखादी बाई असेल, नवी सून असो, वीटभट्टीवरची असो की बदलीवर आलेली अंगणवाडीताई असो, तिला बरोबर आणा. आणि एक म्हातारी आजी आणा. दोघींना शेजारी शेजारी चालू द्या.