घरची गोष्ट कोणी लिहायची?



महादेव कोळी जमातीची सविस्तर माहिती देणारं एक जुनं टिपण 1836च्या सुमाराचं आहे. लिहिणारा कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश, नगरच्या पोलीस पथकाचा प्रमुख. या सह्याद्रीतल्या बंडखोरांचा पाठलाग करता करता त्यानं त्यांची कुळं, देव, लग्नाच्या रीती असं सगळं टिपून ठेवलं. पुढं अकोले तालुक्यातल्या देवगावच्या महादेव कोळी बंडखोर राघोजी भांगरे यांना 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांच्याबद्दल दप्तरात जे सापडतं, त्यातलंही बरंचसं पकडणाऱ्यांच्या नजरेनं लिहिलेलं आहे.

आज मी बोलणार आहे ते त्याच डांगाणातून, म्हणजे अकोल्याच्या डोंगराळ पट्ट्यातून, राजूर, अकोले आणि आपल्या संगमनेरच्या कॉलेजांत येणाऱ्या मुलामुलींबद्दल. ठाकर, महादेव कोळी, भिल्ल. आईबाप भातशेती करणारे, आणि भात निघालं की नारायणगावच्या बाजारात मजुरीसाठी उभे राहणारे. जुलैत ही मुलं वर्गात दिसत नाहीत, कारण घरी आवणी, म्हणजे भाताची लावणी असते. हजेरीच्या वहीत त्या दिवसांपुढे फुल्या पडतात. त्याच दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून हे पोरगं घरच्या वर्षभराच्या पोटाची सोय करत असतं, हे त्या फुलीवरून कळत नाही.

या मुलांच्या आयुष्यातलं पहिलं आत्मचरित्र कोणतं असतं, सांगू? व्हॅलिडिटीचा अर्ज. जातीचा दाखला पुरत नाही, तो जात पडताळणी समितीकडून वैध ठरवून घ्यावा लागतो. मग वंशावळ लिहा, प्रतिज्ञापत्र करा, आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले शोधा, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या कोतवाल बुकाची नक्कल काढा. जुनी नोंद मोडीत असेल तर वाचणारा गाठा. 1950च्या आधीचा पुरावा असला तर वजन पडतं. पण ज्या घरात शाळेची पायरी पहिल्यांदा बापानं चढली, तिथं पणजोबांचा दाखला आणायचा कुठून?

माझ्या वर्गातल्या एका मुलानं यावर लिहिलं होतं. वंशावळीसाठी त्यानं आजीला पणज्याचं नाव विचारलं. आजीनं नाव सांगितलं आणि ती थांबेचना. पणजा भंडारदऱ्याच्या धरणाच्या कामावर दगड वाहायला होता, तिथंच त्याची पणजीशी गाठ पडली, घरच्यांनी रागं भरलं, मग पंचांनी मिटवलं. ते धरण 1926 साली पुरं झालं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची एक प्रेमकथा त्या घरात तोंडीच टिकून होती. मुलानं शेवटी लिहिलं होतं, ‘अर्जात फक्त नावाला जागा होती.’

पडताळणी नको, असं मी म्हणत नाही. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा लाटल्या गेल्या आहेत, आणि पडताळणी कडक हवी ही मागणी आदिवासींचीच आहे. 1994च्या माधुरी पाटील खटल्याचं मूळही तिथंच. महादेव कोळी असल्याचा दावा त्यात टिकला नाही. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयानं दक्षता पथक नेमायला सांगितलं, पोलीस अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. हे पथक घरी येऊन विचारतं : तुमचे देव कोणते, लग्न कसं लावता, माणूस गेल्यावर काय करता? वसतिगृहात राहून बी.एस्सी. करणाऱ्या पोरीला यातलं एखादं उत्तर आलं नाही, तर ती आदिवासी नाही असं ठरवायचं का? मार्च 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. हे प्रकरण महाराष्ट्रातल्या ठाकूर (ठाकर) जमातीच्या संघटनेनंच नेलं होतं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण आदिवासीही काळाबरोबर बदलतो हे त्यात मान्य झालं.

तरी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. मॅकिंटॉशपासून दक्षता पथकापर्यंत जवळजवळ दोनशे वर्षं या घरांतल्या चुलीपाशी वही घेऊन बसला तो बहुतेक वेळा पोलीसच.

प्रेमाचं सांगायचं तर मुलं त्यावर भरभरून लिहितात आणि मग म्हणतात, ‘सर, छापू नका.’ एका ठाकर मुलीचं मन महादेव कोळी मुलावर बसलं. बाहेरच्यांना वाटेल, दोघं आदिवासीच, मग अडचण कसली? पण घरी अडचण आहेच, आणि ती एकाच जमातीत एकाच कुळात मन जुळलं तरीही आहे. जमातीबाहेर लग्न केलं, तर प्रेमाच्या मागोमाग पुन्हा दाखला येतो. बाईची जमात लग्नानं बदलत नाही. मूल मात्र सहसा बापाच्या जातीचं धरलं जातं. आईच्या समाजात वाढून त्याच समाजाचं दुःख भोगलं असेल तर ते सिद्ध करण्याची वाट 2012च्या एका निकालानं मोकळी ठेवली आहे. विशीतल्या मुलीला प्रेमात पडताना हा सगळा हिशेब करावा लागतो. पाट लावून विधवेचा संसार पुन्हा उभा करणारा समाज मोकळा असतो असं आपण कौतुकानं म्हणतो; त्या मोकळेपणाच्या मर्यादा या मुली आपल्याला सांगू शकतील, दुसरं कोणी नाही.

लिहिणारे झालेत. शहाद्याकडच्या भिल्ल समाजातले वाहरू सोनवणे आणि मावची समाजातल्या नजुबाई गावित यांनी आपल्या लोकांचं जगणं स्वतः लिहिलं. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत न जाता गावरान बियाण्यांचं ज्ञान देशापुढं बोलल्या, पद्मश्री झाल्या. मग शिकलेल्या पोरांना आपण स्नेहसंमेलनात कांबड नाचापुरतंच का बोलावतो? भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणारे आपण तंबू ठोकून देणाऱ्या मुलाला वाट विचारतो. तो कोणत्या वर्षाला आहे, हे विचारत नाही.

सभागृहात प्राध्यापक आहेत, संस्थाचालक आहेत. त्यांच्याकडे माझं मागणं साधं आहे. कॉलेजच्या वार्षिक नियतकालिकात यंदा निदान वीस पानं या मुलांना द्या. डांगाणी बोली तशीच राहू द्या, ती ‘शुद्ध’ करू नका. नाव छापायचं की नाही हे लिहिणाऱ्याला ठरवू द्या, विशेषतः मुलींना. आणि आवणीच्या दिवसांत लेख मागू नका. दिवाळीनंतर मागा, तेव्हा त्यांच्या हाताला थोडी उसंत असते.