नाव, आकडा आणि अवतरणचिन्ह



संगणकाच्या आज्ञालेखनावर बोलण्यास कामगार संघटनेतल्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसांनी का उभे राहावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. कारण साधे आहे. हजेरीपट पूर्वी कारकुनाच्या टेबलावर उघडा असे. आकडा चुकला तर त्यावर बोट ठेवता येई. आज तो हिशेब आज्ञावली करते, आणि आज्ञावलीत बोट कोठे ठेवावे हे कामगाराला ठाऊक नसते. ते कळावे म्हणून आम्ही काही तरुण कामगारांसह युनियनच्या कचेरीत, पाळी सुटल्यावर, पायथन ही भाषा शिकावयास बसलो. गुइडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवली, आणि ती कोणालाही फुकट मिळते. तिचे पहिले दोन धडे, म्हणजे चल आणि मजकूर, एवढेच आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

चल म्हणजे एखाद्या किमतीला दिलेले नाव. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनमध्ये ही नावे देवनागरीतही देता येतात. हिशेबातले आकडे तेवढे इंग्रजी वळणाचे लिहावे लागतात. ‘मजुरी = ५००’ असे लिहिले की ५०० या किमतीला मजुरी ही चिठ्ठी लागली. पुढच्या ओळीत ‘मजुरी = मजुरी + ५०’ असे आले, तर शाळेत गणित शिकलेला माणूस दचकतो. पाचशे आणि साडेपाचशे सारखे कसे? परंतु येथे बरोबरचे चिन्ह दोन बाजू सारख्या असल्याचे सांगत नाही. उजवीकडचा हिशेब आधी होतो, आणि आलेल्या उत्तराला डावीकडची चिठ्ठी लागते. दोन गोष्टी सारख्या आहेत काय, असे विचारावयाचे असेल तर तेच चिन्ह लागोपाठ दोनदा लिहावे लागते.

आता चिठ्ठी नव्या किमतीकडे गेली की जुनी किंमत आज्ञावलीला उरत नाही. कागदावर खोडले तर खाडाखोड दिसते. येथे तीही दिसत नाही. समजा करार झाला, रोजी ५०० ची ५५० झाली, आणि करार मागील २६ दिवसांपासून लागू ठरला. फरकापोटी १,३०० रुपये देणे आहे. पण कोणी मजुरी आधीच ५५० करून टाकली आणि मग नव्या दरातून मजुरी वजा केली, तर आज्ञावली विनातक्रार शून्य फरक काढून देईल. म्हणून दर बदलण्यापूर्वी ‘जुनी_मजुरी = मजुरी’ ही एक ओळ हवी. त्या एका ओळीत माणसाचे तेराशे रुपये आहेत.

दुसरा धडा मजकुराचा. अवतरणचिन्हांत जे घातले ते मजकूर, मग आत आकडे का असेनात. २६ अधिक ४ म्हणजे ३०. पण अवतरणातले २६ अधिक अवतरणातले ४ म्हणजे २६४, कारण मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक अक्षरे जोडणे. १९४८च्या कारखाना कायद्याने जादा कामाला दुप्पट दर लावून दिला. तासाला ६० रुपये असतील तर १२० झाले पाहिजेत. तेच ६० मजकूर असतील तर दोनने गुणून ६०६० येतात! आणि कळफलकावरून माणसाने टंकलेले जे इनपुट या आज्ञेने घेतले जाते, ते नेहमी मजकूर म्हणूनच येते. त्याची संख्या करण्यास इन्ट ही आज्ञा द्यावी लागते. मजकूर आणि संख्या यांची बेरीज सांगितली तर पायथन काम थांबवून चूक दाखवते. जावास्क्रिप्ट नावाची दुसरी भाषा मात्र संख्येचाच मजकूर करून मुकाट्याने पुढे जाते. थांबणारे यंत्र आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते.

मजकूर लहानमोठाही अक्षरानुसार ठरतो. नोकरीची वर्षे मजकूर म्हणून ठेवली, तर ९ हे १० पेक्षा मोठे ठरतात, कारण पहिल्याच अक्षरात ९ ने १ ला मागे टाकले. ज्येष्ठतेची यादी अशी लागली तर काय होईल, हे या सभेत सांगावयास नको. उलट ००४२ हा बिल्ला नंबर संख्या केला की ४२ उरतो आणि पुढची शून्ये जातात. आम्ही पोरांना एक कसोटी सांगतो: ज्याची बेरीज-वजाबाकी करावयाची ती संख्या, ज्याची करावयाची नाही तो मजकूर.

शेवटी नावे. पाटील आणि पाटिल ही यंत्राला दोन माणसे आहेत. नावामागे राहिलेली एक मोकळी जागासुद्धा अक्षरच असते. एका कारखान्यातल्या बाईंचे फंडाचे पैसे अशाच एका मोकळ्या जागेपायी कित्येक महिने अडकलेले आम्ही पाहिले आहेत. कडेच्या मोकळ्या जागा काढण्यास स्ट्रिप ही आज्ञा आहे. परंतु ती मूळ मजकुराला हात लावत नाही, साफ केलेला नवा मजकूर देते. तो पुन्हा त्याच नावाला जोडला नाही तर श्रम फुकट.

मराठीची आणखी एक गंमत आहे. ‘मराठी’ या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो. पायथन पाच मोजते, कारण काना आणि वेलांटी ती वेगळी धरते. कऱ्हाडे या आडनावातला ‘ऱ’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्याला दोन्ही एकच, यंत्राला निराळे. नावे ताडून पाहण्याआधी ती एका तऱ्हेवर आणणे हे आज्ञावली लिहिणाराचे काम आहे, आणि ते झाले आहे काय हे विचारणे आपले.

तेव्हा पुढच्या वाटाघाटीत दराइतकाच हाही प्रश्न टेबलावर ठेवा: आमचे नाव, आमचा बिल्ला, आमची जुनी रोजी तुमच्या आज्ञावलीत कशी लिहिली आहे? उत्तर वाचता येण्यास दोन महिन्यांच्या संध्याकाळी पुरतात. युनियनच्या कचेरीचे दार त्यासाठी उघडे आहे.