आधणात वैरण्याआधी एक मूठ

आज आपल्याला बरेच लांब जायचे आहे, पार देशाच्या ईशान्य टोकाला, मिझोरामला. एका बाजूला बांगलादेश, दुसऱ्या बाजूला म्यानमार, आणि मध्ये बांबूच्या रानाने भरलेले डोंगर. राजधानी ऐजॉल. तीही डोंगराच्या कण्यावर बसलेली, घरे एकावर एक रचल्यासारखी. तिथली बहुसंख्य माणसे ख्रिस्ती आहेत आणि सगळ्यांत मोठा पंथ आहे प्रेस्बिटेरियन. हा शब्द सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांना परका वाटायचा नाही. मिरजेचा मिशनचा दवाखाना १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी सुरू केला, ते याच पंथाचे. फक्त आपल्याकडे मिशनरी आले ते अमेरिकेच्या मिशनकडून, आणि मिझोरामला आले वेल्समधून.

प्रेस्बिटेरियन म्हणजे काय, तर मंडळीचा कारभार मंडळीनेच निवडलेल्या वडीलधाऱ्यांनी चालवायचा. मिझो भाषेत अशा वडिलांना ‘उपा’ म्हणतात. धर्माची चर्चा करायला मी आज बसलेले नाही. मला सांगायचे आहे ते त्या मंडळीतल्या बायकांच्या एका रिवाजाबद्दल. त्याचे नाव ‘बुहफाई थाम’. बुहफाई म्हणजे सडून साफ केलेला तांदूळ आणि थाम म्हणजे मूठ. मूठभर तांदूळ, बस.

रिवाज असा. मिझो घरात रोज दोन वेळा भात शिजतो, सकाळी आणि संध्याकाळी. बाई तांदूळ मापून घेते. ते आधणात वैरण्याआधी त्यातली एक मूठ काढते आणि शेजारी ठेवलेल्या वेगळ्या डब्यात टाकते. मग भात शिजवते. तो डबा मंडळीचा. ठरलेल्या दिवशी मंडळीच्या बायका घरोघरचा तांदूळ गोळा करतात, तो एकत्र मापला जातो, विकला जातो आणि पैसे कामाला लागतात. १९१० साली ऐजॉलच्या मिशन वेंग या वस्तीत हे सुरू झाले. वेंग म्हणजे आळी म्हणा, वाडी म्हणा.

१९१० साल ध्यानात घ्या. तेव्हा त्या डोंगरात रोकड कुणाकडे होती? उतारावरचे रान तोडायचे, जाळायचे, भात पेरायचे, असली शेती. घरात पैसा नाही, आणि बाईच्या हातात तर नाहीच. पण तांदळाचे भांडे तिच्या ताब्यात. किती शिजवायचे, हे तीच ठरवणार. म्हणजे सगळ्या घरात जिथे तिचा शब्द चालतो, नेमक्या त्याच जागेवरून तिने दान काढले. नवऱ्याला विचारायला नको, सासूपुढे हात पसरायला नको. मला या रिवाजातली हीच गोष्ट सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

दुसरी गोष्ट, मूठ आधी काढायची. उरले तर देऊ, असे म्हटले की काय होते हे मी तुम्हाला सांगायला नको. उरत नाही. पाहुणा येतो, पोराला भूक लागते, आणि महिनाअखेरीला डबा रिकामा. शिजण्याआधी मूठ निघाली की घर तेवढ्यात भागवते. चार घास कमी पडले असे कुणाला कळतही नाही. जोवर चूल पेटते आहे तोवर द्यायलाही काहीतरी आहे, असा तिथल्या बायकांचा हिशेब.

आज वर्षाला या मुठींतून कोट्यवधी रुपये उभे राहतात. शहरातल्या काही घरांतून आता तांदळाऐवजी तेवढे पैसे दिले जातात, पण नाव तेच. आणि हे सगळे सुखाच्या दिवसांत झाले असे समजू नका. तिकडे एका जातीच्या बांबूला सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदाच फुलोरा येतो. मग फळे धरतात, फळांवर उंदीर माजतात, आणि फळे संपली की तेच उंदीर शेतावर उतरतात. या संकटाला तिथे ‘मौताम’ म्हणतात. १९५९ च्या मौतामात मोठा दुष्काळ पडला. त्यातून पुढे १९६६ चे बंड झाले, आणि समझोता व्हायला १९८६ साल उजाडले. मधल्या वीस वर्षांत कितीतरी गावे जागची उठवली गेली. पुन्हा २००७ च्या सुमारास बांबू फुलला. या सगळ्यातून हा मुठीचा रिवाज टिकून राहिला.

तिथल्या वस्तीत बातमी कशी फिरते, तेही ऐकण्यासारखे आहे. जुन्या काळी प्रत्येक गावात ‘तलांगाऊ’ असायचा. आपल्याकडच्या दवंडीवाल्यासारखा, संध्याकाळी ओरडून गावाला खबर द्यायचा. आज त्याच्या जागी वस्तीत भोंगे बसवलेले आहेत. प्रेस्बिटेरियन मंडळीचे शंभरावर वर्षे चालत आलेले मासिक आहे, त्याचेही नाव ‘क्रिस्तियन तलांगाऊ’, म्हणजे ख्रिस्ती दवंडीवाला. कोण आजारी आहे, कोण वारले, काम कुठे आहे, पैसा किती जमला, हे सगळे मंडळीला कळवायची तिथे पद्धत आहे.

कुणी वारले की भोंग्यावरून खबर जाते आणि वस्तीतली तरुण पोरे कुदळ-फावडे घेऊन कबर खणायला निघतात. ‘यंग मिझो असोसिएशन’ नावाची संघटना हे काम करते. १९३५ साली मिशनरी आणि मिझो पुढाऱ्यांनी मिळून ती काढली. कबर खणायचे पैसे नाहीत, की आमंत्रण नाही. रात्री शेजारीपाजारी त्या घरी जमतात, गाणी म्हणतात, घरच्यांना एकटे पडू देत नाहीत. या वृत्तीला मिझो भाषेत ‘त्लोमन्गाइहना’ म्हणतात. उच्चार अवघड आहे, पण आपल्याकडे सावड होती, इर्जिक होती, त्याच जातीचे हे आहे. आपल्याकडची इर्जिक ट्रॅक्टर आल्यावर बरीचशी विरली. तिथे हे अजून टिकले आहे, याचे एक कारण मला दिसते ते असे, की बातमी सगळ्यांना एकाच वेळी पोचते. ‘मला कळलेच नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

पण सगळे गोड गोड सांगून मी उठणार नाही. बायकांच्या संघटनेला तिथे ‘कोह्रान ह्मेइछिया’ म्हणतात. कोह्रान म्हणजे मंडळी, ह्मेइछिया म्हणजे बाई. या संघटनेचे जाळे गावोगाव आहे. मूठ काढणारी बाई, गोळा करणारी बाई, मापणारी बाई. आणि मंडळीचे पाळक कोण, निवडून आलेले उपा कोण, तर पिढ्यानपिढ्या पुरुष. म्हणजे डबा भरायचा बाईने आणि मोठा निर्णय जिथे होतो ती खुर्ची दुसऱ्याची. बायकांना दीक्षा का नाही, हा प्रश्न तिथल्या शिकलेल्या बायका गेली कित्येक वर्षे विचारत आल्या आहेत. त्यांचा प्रश्न त्या बघतील. पण आपण जरा आपल्याकडे पाहावे. गटाच्या बँकेच्या पुस्तकावर सही तुमची, आणि कर्ज कुणी घ्यायचे ते ठरवतो कोण? ज्या गटांत याचे उत्तर ‘आम्हीच’ असे असेल त्यांनी पुढे ऐकावे. ज्यांत ते नसेल, त्यांनी मुठीआधी हाच विषय बैठकीत घ्यावा.

मुठीचा हा मार्ग आपल्या मातीलाही नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. सर्व जातींची गरीब मुले एकत्र ठेवायची, शिकवायची, तर त्यांना खाऊ काय घालायचे? लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा विकले, हे आपण शाळेत ऐकलेले आहे. त्याचबरोबर गावोगावच्या बायकांनी दळणाआधी मूठ-मूठ धान्य बाजूला काढले. त्याला ‘मुष्टिफंड’ म्हणत. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र सगळ्यांच्या लक्षात राहिले, आणि ते राहायलाच हवे. पण त्या हजारो मुठींची नावे कुठे लिहिलेली नाहीत. मिझोरामचा आणि सातारचा काही संबंध नव्हता. दोन्हीकडे पैसा नव्हता आणि दोन्हीकडे धान्याचे भांडे बाईच्या हाती होते, एवढेच सारखे.

आता थोडा हिशेब करू. घरच्या काट्यावर मूठ मोजून पाहा. हात लहान-मोठा असेल, पण तांदळाची मूठ चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते. दिवसाला दोन मुठी म्हणजे ऐंशी ग्रॅम. वर्षाला एका घरचे एकोणतीस किलो. तीस घरांनी काढले तर पावणेनऊ क्विंटल. किलोला तीस रुपये धरा, सव्वीस हजारांच्या वर रक्कम होते. कुणाच्या खिशातून एक रुपया न काढता. गटातल्या एखाद्या बाईचे बाळंतपण अडले, रात्री गाडी करून तालुक्याला न्यायची वेळ आली, तर सावकाराच्या दारात जायला नको.

मिझोरामच्या मंडळीत या पैशाचा मोठा भाग धर्मप्रसाराच्या कामाला लागतो. ती त्यांची निवड. आपण कशासाठी काढतो हे आपण आधी ठरवायचे, एकच काम ठरवायचे, आणि वहीत लिहायचे. ‘गरजूंना मदत’ असे मोघम लिहू नका. मोघम लिहिले की भांडण ठरलेले. ‘गटातील आजारपणाची गाडी’ किंवा ‘एकट्या म्हाताऱ्या माणसांना महिन्याचे धान्य’, असे लिहा.

हिशेब मात्र दर महिन्याला मोठ्याने वाचा. एकूण किती किलो जमले, किती गेले, किती शिल्लक. घरागणिक आकडा वाचू नका. कुणाच्या डब्यात कमी पडले हे चारचौघींत निघाले की ती बाई पुढच्या बैठकीला येत नाही, आणि जिच्या घरी खरोखर चूल विझलेली असते तिलाच आधी लाज वाटते. जिच्याकडे काढायला नाही तिने काढू नये, आणि तिने का काढले नाही हे कुणी विचारू नये. उलट त्या महिन्यात डबा तिच्याकडे वळवायचा.

अजून दोन बारीकसारीक गोष्टी. रेशनचे धान्य बाजारात विकणे कायद्यात बसत नाही, म्हणून विकायचे ते घरचे किंवा विकत घेतलेले. रेशनमधली मूठ निघाली तर ती एखाद्या घरी शिजवायला द्या, नाहीतर अंगणवाडीच्या कार्यक्रमाला वापरा. दुसरे, ज्वारी, बाजरी आणि तांदूळ यांना वेगवेगळे डबे करा, मिसळलेल्याला भाव येत नाही. डबा कोरडा हवा, झाकण घट्ट हवे, वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या वर धान्य साठवून ठेवू नका. सोनकिडे आधी मुठीच्याच डब्याला लागतात, कारण तो रोज दोनदा उघडला जातो.